नाथाजींची सोनेरी कडी

बारशाच्या सकाळी नाथाजींनी कपाटातली मखमली डबी उघडली, तर ती रिकामी. डबीत क्लॅरिनेटची सोनेरी कडी होती. वाजवायच्या टोकाला वेताची पातळ पट्टी असते, ती घट्ट धरणारी ही दोन स्क्रूंची कडी. तिने सूर चिरकत नाही, असं जाहिरातीत लिहिलं होतं. सोनमच्या, म्हणजे लेकीच्या, हळदीला लष्करी बँडातून निवृत्त झालेल्या नाथाजींचा सूर भर मांडवात चिरकला होता, आणि कोरेगावच्या विहीणबाई पदराआड हसल्या होत्या. आज त्याच मनुबाईंसमोर नातीचा पाळणा वाजवायचा होता. म्हणून ही कडी त्यांनी गुपचूप मागवली. लाजाळू माणूस, बायकोलाही, रंगुबाईंनाही, बोलला नव्हता. जुनी कडी तर नवीच्या भरवशावर भंगारात गेली होती.

कडी बाहेरच्या खोलीत सापडली. नातीच्या मनगटात.

"इतक्या वर्सांत आपणहून कवा काय आणलं न्हाई," रंगुबाई बायकांना सांगत होत्या, "पर नातीला बगा, गुपचूप वाळा आणला."

मनुबाईंनी वाळा निरखला. "ह्याला इस्क्रू कशाला वो?"

"पोर वाढंल तसं सैल कराया."

हे बायकांना इतकं पटलं की एकीने दुकान कुठलं ते विचारलं. नाथाजींनी तोंड उघडलं, बायकोचा फुललेला चेहरा पाहिला आणि मिटलं. मग खाली बसून, स्क्रू कुठे टोचत नाही ना, ते बोटाने चाचपून पाहिलं.

दृष्ट लागू नये म्हणून आणलेला काळा दोरा ताटात उरला होता. आत जाऊन त्यांनी पट्टी त्यानेच गुंडाळून बांधली. मग क्लॅरिनेट घेऊन बाहेर आले. पाळणा हलू लागला, बायका गाऊ लागल्या, नाथाजींनी डोळे मिटून फुंकर घातली. सूर चिरकला नाही. उलट इतका मऊ निघाला की रडणारी नात ऐकता ऐकता झोपली.

"आज लय गोड वाजीवलंत," मनुबाई म्हणाल्या. "नवीन काय बसवलंय जनू?"

नाथाजींनी पाळण्यातल्या चिमुकल्या मनगटाकडे पाहिलं. "व्हय. नवीनच हाय."

पाहुणे गेल्यावर रंगुबाई जवळ आल्या. "आवं, विहीणबाईंनी खोट काढलीच. वाळा एकच कसा, जोडी लागती म्हनं."

नाथाजींनी दुसरी कडी मागवली, या वेळी बायकोला सांगून. आणि मखमली डबीत काळ्या दोऱ्याचं रीळ ठेवलं.