बरखास्त पालिकेची शेवटची गाडी

पालिका बरखास्त झाली, तेव्हा साहेबांना मी छातीठोकपणे सांगितलं, "येणी-देणी, टेबलं-खुर्च्या, सगळं दुपारपर्यंत नव्या महापालिकेच्या पदरात घालतो. लेकीची पाठवणी करावी तसं."

आणि घातलंही. शिड्या गेल्या, टँकर गेले, सभागृहातलं घड्याळ गेलं. उरली शववाहिका. तिच्या दाराला मी स्वतः लाखेचं सील ठोकलं, तोच समोर दिवाबत्तीवाल्या दादांची बायको उभी. दादांनी उभा जन्म गावाचे दिवे लावले. आज पहाटे दादाच मालवले.

"भाऊ, गाडी द्या. पालिकेच्या माणसाला शेवटची गाडी पालिकेची, असा शब्द होता."

"वहिनी, पालिकाच उरली नाही."

"मग तिचा शब्द कुणाकडे गेला? घड्याळ नेणाऱ्यांनी तो नेला की नाही?"

मी नव्या कार्यालयात फोन लावला. अधिकारी म्हणाले, "गाडी आमच्या आवारात येईपर्यंत आमची नाही."

स्मशान त्या आवाराच्या जरा पुढेच, चढावर. मला युक्ती सुचली. सील काढायचं, दादांना गाडीत ठेवायचं, वाटेत गाडी ताब्यात देऊन सही घ्यायची आणि तसंच पुढे जायचं. नियमही खूश, दादाही खूश!

निघालो. पुढे कागद घेऊन मी, मागे गाडी, तिच्यामागे घरची माणसं आणि दादांच्या उजेडात लहानाची मोठी झालेली अख्खी गल्ली. अधिकाऱ्यांनी खिडकीतून हे पाहिलं आणि त्यांना वाटलं, लोकांनी निषेध म्हणून पालिकेचीच अंत्ययात्रा काढलीय. त्यांनी फाटक लावून घेतलं. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला. इंजिन बंद पडलं ते पडलंच.

अधिकारी फाटकाआडून हात जोडून म्हणाले, "तुमच्या भावना समजतात मला. पण ती बरीच वर्षं आजारीच होती हो. कधीतरी जायचीच."

वहिनी पुढे झाल्या. "ती गेली, ठाऊक आहे. गाडीत माझा माणूस आहे. अंधार पडायच्या आत पोचवायचंय त्याला."

अधिकाऱ्यांनी काचेतून डोकावलं. चेहरा उतरला. ते फाटक उघडून बाहेर आले, बाह्या सारल्या आणि मागून गाडीला खांदा दिला. गल्ली सरसावली. चाकं हलली.

"साहेब, तेवढी ताब्याची सही..." मी कागद पुढे केला.

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. रागावल्या नाहीत. "भाऊ," एवढंच म्हणाल्या, "आधी ढकला."

मी कागद दातांत धरला आणि ढकलू लागलो. चढ मोठा होता. वर पोचलो, तेव्हा सही करण्याजोगं त्या कागदाचं काही उरलं नव्हतं.