राजमतीबाईंचा कायोत्सर्ग

कबड्डीची शेवटची चढाई संपली होती, तिच्याआधी गुण बरोबरीत होते, आणि सुभेदार जोतीराम खुर्ची मागं ढकलून उठले. त्यांना उठताना पाहताच पंच राजमतीबाईंच्या तोंडातली शिट्टी दातांवर खडखडू लागली.

याच क्षणाची त्यांनी आठवडाभर धास्ती घेतली होती. साताऱ्याच्या संघाचे हे प्रशिक्षक फौजेतून निवृत्त झाले होते, पण त्यांचा आवाज अजून नोकरीत होता. गेल्या वर्षी नाथाजी पंचांनी त्यांच्याविरुद्ध निर्णय दिला. सुभेदार जवळ येऊन एवढं बोलले, एवढं बोलले, की नाथाजींनी निर्णय फिरवला, शिट्टी सुभेदारांच्याच हातात दिली आणि मिळेल ती एसटी धरली. हल्ली ते फक्त कॅरमचे सामने बघतात.

राजमतीबाईंना सुभेदारांची भीती होतीच, पण त्याहून जास्त स्वतःची होती. समोरच्यानं आवाज चढवला की त्यांच्या तोंडून आपोआप निघे, "बरं, तुमचंच खरं." भाजीवालीला, नणंदेला, शाळेतल्या शिपायालाही. घरात हे चालून जायचं. मैदानावर मात्र एका वाक्यात पोरांची वर्षाची मेहनत मातीत गेली असती.

सांगलीजवळच्या त्यांच्या गावात जैन साध्वी माताजी पायी विहार करत आल्या, तेव्हा बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, बसून बाईंनी हे सगळं डोळे पुसत सांगितलं. माताजींनी नियम दिला. कोणी रागानं बोललं तर आधी उभ्या जागी कायोत्सर्ग करायचा. हात सोडायचे, नजर नाकाच्या शेंड्यावर ठेवायची, देह आपला नाहीच असं समजायचं आणि मनात नऊ वेळा णमोकार मंत्र म्हणायचा. उत्तर त्यानंतर.

"आणि मधेच चुकलं तर, माताजी?"

"तर पहिल्यापासून."

आज कडेगावच्या मैदानावर साताऱ्याचा शिवतेज कडेगावच्या गड्याला शिवून परत फिरला, तेव्हा त्याचा पाय कडेच्या रेषेबाहेर पडलेला राजमतीबाईंनी पाहिला. त्यांनी शिट्टी फुंकली, शिवतेजला बाद दिलं. म्हणजे सामना कडेगावनं जिंकला होता. फक्त हे सुभेदारांना पटायचं बाकी होतं.

"कुणाचा पाय भाईर पडला, बाई?" सुभेदार समोर येऊन ठाकले. "आमच्या पोराचा? डोळं हायत का बटणं?"

राजमतीबाईंनी हात सोडले, पावलं जुळवली, नजर खाली घेतली. णमो अरिहंताणं.

"मी काय इचारतोय?"

मंत्र तुटला. पुन्हा पहिल्यापासून.

"आवं, बोला की कायतरी."

पुन्हा पहिल्यापासून.

गुण लिहायला टेबलाशी बसलेली प्रियदर्शनी बाईंच्याच गावची. तिला नियम ठाऊक होता. ती हळूच म्हणाली, "काका, तुमी गप बसा. तुमी बोलला की त्यांचं परत पहिल्यापासनं सुरू हुतं."

"काय सुरू हुतं?"

प्रियदर्शनीनं ओठावर बोट ठेवलं. तिला बाईंचा मंत्र मोडायचा नव्हता, पण सुभेदारांच्या मनात वेगळंच आलं. आजवर त्यांच्यापुढं पंच भांडले होते, रडले होते, पळाले होते. त्यांच्यासमोर सावधान कुणी झालं नव्हतं. आता या बाई काय करणार, ते त्यांना कळेना. ते विचार करत होते तोवर त्यांच्या शरीरानं फौजेतली सवय पाळली. टाचा जुळल्या, मुठी पँटच्या शिवणीला लागल्या.

सुभेदार, म्हणजे पोरांचे तात्या, सावधान झाले म्हटल्यावर त्यांच्या हाताखाली तयार झालेला संघ रांगेत सावधान झाला. ते पाहून कडेगावचे गडी झाले. मांडवातल्या लोकांना वाटलं, राष्ट्रगीत लागतंय. खुर्च्या सरकल्या, टोप्या सरळ झाल्या, निवेदकानं माईक खाली ठेवला. भज्यांच्या गाड्यावर मनुबाईंनी झारा खाली केला आणि त्याही ताठ उभ्या राहिल्या. कढईत भजी काळी पडू लागली, पण कुणी हललं नाही.

राजमतीबाईंना यातलं काही दिसत नव्हतं. एकदम पसरलेल्या शांततेनं त्या जास्तच घाबरल्या. सुभेदार इतके गप, म्हणजे मारायलाच येत असणार. मंत्र आणखी एकदा चुकला.

रांगेच्या टोकाला, बाईंच्या बरोबर समोर, शिवतेज होता. बाईंची खाली गेलेली नजर आपल्याच पायावर आहे असं त्याला वाटलं. त्यानं उजवा पाय डाव्यामागं लपवला आणि तो डुगडुगला.

"हलू नगं," सुभेदार ओठ न हलवता म्हणाले.

"तात्या, बाई माझ्या टाचंकडं बघाय लागल्यात."

"बघू दे की. टाचंला काय झालंय?"

शिवतेजनं टाच आणखी मागं ओढली.

"टाचंला काय झालंय रं?"

"चिखल लागलाय."

सुभेदारांनी मान न वळवता डोळे वळवले. मैदानात सगळीकडं चाळलेली कोरडी माती होती. धुरळा उडू नये म्हणून टँकरचं पाणी मारलं होतं ते रेषेच्या बाहेर.

"भाईर पडला हुतास?"

"व्हय तात्या." पोरानं लपवलेला पाय पुढं घेतला. "राष्ट्रगीताला उभं राहून खोटं कसं बोलू?"

सुभेदारांनी मोठा श्वास सोडला. त्याच वेळी, किती खेपेनंतर कोण जाणे, राजमतीबाईंचा नववा मंत्र पुरा झाला. आता उत्तर द्यायचं होतं. सगळं धैर्य गोळा करायला त्या स्वतःच्या आत वाकून बघू लागल्या, तर तिथं काहीच नव्हतं. फक्त ते जुनंच वाक्य जिभेवर येऊन बसलं होतं.

"बाई." सुभेदार दोन पावलं पुढं आले. त्यांचं साधं बोलणंही तोफेसारखंच. "आमचा गडी बाद हाय. सामना कडेगावचा."

बाईंच्या कानात शब्द शिरलेच नाहीत, नुसता आवाज शिरला.

"बरं," त्या डोळे मिटून म्हणाल्या, "तुमचंच खरं."

मांडवात टाळ्या पडल्या. प्रियदर्शनीनं धावत येऊन बाईंचा दंड धरला, त्या पडतील असं तिला वाटलं होतं. सुभेदारांनी कडक सॅल्यूट ठोकला.

"पंच असावा तर असा," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "मी एवढं बोललो, पर बाईंनी उलट शबूद काढला न्हाई. आन शेवटाला मान बी माझाच ठेवला. आता हितनं फुडं आमच्या संघाच्या सगळ्या सामन्यांना ह्याच बाई पायजेत. मी सवता संघटनेला सांगतो."

राजमतीबाईंनी हात सोडले, पावलं जुळवली, नजर खाली घेतली.

ते पाहून नुकतंच बसलेलं सगळं मैदान पुन्हा उठून उभं राहिलं.