शेवंतीला विचारून

सोनगीरमध्ये स्वारीची घोडी एकट्या नानांकडे होती, आणि गावात सर्वांत जास्त पायपीटही नानाच करत. पुढे नाना, हातात मोरखीची सैल दोरी आणि मागे शेवंती नावाची पांढरी घोडी. आग्रा रोडवरचे ट्रकवाले थांबून विचारत, "बाबा, घोडी लंगडी है क्या?"

"नई भाऊ," नाना शांतपणे सांगत, "आज ती नई म्हने."

बसण्याआधी घोडीला विचारायचं, हा नानांचा नेम. तिच्या मानेवर हात ठेवून ते उभे राहत. तिने कान पुढे करून मान खाली घातली तर होकार. शेपटी झटकली तर नकार. शेवंतीला उत्तराची कसलीच घाई नसे. मी शाळेत शिकवायला जाताना नाना आमच्या समोरच्या अंगणात असे उभे असत आणि शाळा सुटून घरी येताना तिथेच दिसत, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. दुपारचं ऊन, तांबट आळीतून येणारी संथ ठणठण आणि दोघांचे अर्धवट मिटलेले डोळे. कोण कोणाला विचारतंय तेही कळत नसे. बघता बघता मलाही पेंग येई.

हेच नाना एकेकाळी एका संस्थानाच्या पागेत चाबूकस्वार होते. अडेल शिंगरू लगाम खेचून, टाचा मारून वाकवावं ते यांनीच. घरातही तोच खाक्या. "चाल", "थांब", "फिर" एवढ्या शब्दांत त्यांनी संसार हाकला. शेवटी त्यांची बायको, आमच्या अक्का, भडगावला माहेरी निघून गेल्या. नाना त्यांना आणायला गेले ते घोड्यावरून. जावयाने वेशीपाशी उतरून पायी आत यायचं, ही तिथली रीतही त्यांनी मोडली. दारात घोड्यावर बसूनच म्हणाले, "चाल." अक्कांनी दार लावून घेतलं. ही हकिकत गावात सगळ्यांना ठाऊक होती, पण नानांसमोर कोणी काढत नसे.

पुढे संस्थानं विलीन झाली, पागा मोडली आणि नाना शेवंतीला घेऊन गावी आले. आल्या आल्या त्यांनी लोखंडी लगाम लोहाराला देऊन त्याचा विळा करून घेतला. त्याने ते शेवंतीसाठी गवत कापत.

पाटलांच्या मुलाच्या लग्नात तर कहर झाला. नवरदेव मुंडावळ्या बांधून तयार, वाजंत्री तयार, मारुतीच्या दर्शनाला निघायचं. नाना म्हणाले, "थांबा, तिले इचारू द्या." शेवंतीने शेपटी झटकली.

पाटील लालबुंद झाले. "नाना, आते नवरदेव पायी जाई का?"

"मी बी जास ना पायी. काही व्हस नई."

नवरदेव पायीच गेला. शेवंती मोठ्या खुशीत वाजंत्र्यांमागून चालत होती. पोळ्याला नाना तिला रंगवलेल्या बैलांच्या रांगेत उभी करत. "बैलस्ले सुट्टी, मंग तिले कसाले नई?" असं ते विचारत. पुरणपोळी तिलाही मिळायची.

अशाच एका पोळ्याच्या संध्याकाळी मी विचारलं, "नाना, एवढे नावाजलेले चाबूकस्वार तुम्ही. हे काय घेऊन बसलात?"

ते शेवंतीची मान खाजवू लागले. "मास्तर, पागाना सगळा घोडा मनं आयकेत. पन दोरी सुटनी का एक बी मनाजोडे थांबे नई." मग हळूच म्हणाले, "मी भडगावले जासू. पायी."

"आणि अक्का नाही म्हणाल्या तर?"

"थांबसू. शेवंतीनी माले थांबानं शिकाडं."

दुसऱ्या दिवशी ते निघाले. दसरा उलटला तरी परतले नाहीत. समोरचं अंगण ओकं वाटायचं. म्हातारा तिकडून हिरमुसून येणार, या विचाराने मला अन्न गोड लागेना. भडगावहून आलेला एक कापसाचा व्यापारी हसत सांगत होता, "तुमचे नाना वेशीबाहेर घोडीशी बोलत बसलेत. आत बोलावलं तर म्हणतात, 'घरवालीले निरोप धाडा शे, उत्तर येवू द्या.'"

कापसाच्या गाड्या सुरू झाल्या होत्या. एका संध्याकाळी मी फाट्याकडे फिरायला गेलो. रस्त्यावर सोनेरी धूळ तरंगत होती. त्या धुळीतून नाना आले, मागून शेवंती आली. तिच्या पाठीवर नुसती एक वळकटी होती. अक्का काही आल्या नाहीत, असं मी धरून चाललो.

मग शेवंतीच्या पलीकडून, तिच्या मानेवर हात ठेवून चालणाऱ्या अक्का दिसल्या.

"अक्का, पायी का? घोडी आहे ना!"

"फाटालोंग घोडीवर बठीसनच उनू," अक्का म्हणाल्या. "मंग तिले इचारं. थकनी म्हने."

मी नानांकडे पाहिलं. ते पुढे चालत होते, मागे वळून पाहत नव्हते. दोरी शेवंतीच्याच गळ्यात गुंडाळलेली होती.