फडक्याखालचा ससा

चपलेत पाय घालता घालता बायकोने बजावलं, "चार आहेत. मी आठवड्याने परत येईन तेव्हा चारच्या चार दिसले पाहिजेत. एक जरी दगावला, तर या घरात पुन्हा काही जिवंत आणायचं नाव काढू नका."

पुरावेसाहेबांनी मान डोलावली. हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. ते विमा कंपनीत मृत्यूचे दावे तपासायचे आणि समोर कोणीही आलं की "पुरावा कुठाय?" एवढंच विचारायचे, म्हणून ऑफिसने ते नाव चिकटवलं होतं. रडत आलेल्या बाईचा दाखलासुद्धा उलटा करून उजेडात धरणारा माणूस! घरात मात्र त्यांची पत शून्य. त्यांच्या देखरेखीखाली कुंड्या वाळल्या होत्या, मासे उलटे तरंगले होते आणि पोपट उघड्या खिडकीतून गेला तो गेलाच. या वेळी तरी नाक कापून घ्यायचं नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

आई मेलेली ही सशाची पिल्लं प्राण्यांच्या शेल्टरने थोडी मोठी होईपर्यंत सांभाळायला दिली होती. शेल्टरच्या बाई ती घेऊन आल्या तेव्हा साहेब ऑफिसात होते. मागच्या खोलीत पिल्लं मोकळी असत, सगळी तपकिरी, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं अशी. ससा गोंडस असतो असं ज्याला वाटतं, त्याने दिवेलागणीला त्याच्यासोबत एकट्याने बसून बघावं. आवाज नाही, हालचाल नाही, झोपला तरी डोळे उघडे. चौघेही दाराकडे तोंड करून बसायचे आणि मध्येच एखादा मागचा पाय जमिनीवर आपटायचा. धप्! मग सगळेच जास्त स्तब्ध. साहेब वळून दाराकडे बघायचे. दारात कोणीच नसायचं, आणि नेमकं तेच त्यांना आवडत नसे.

त्यात शेल्टरच्या बाईंचा फोन आला. "ते स्वतःच्याच लेंड्या खातात हं. घाबरू नका, तसंच असतं त्यांचं."

साहेब त्या दिवशी जेवले नाहीत.

एका संध्याकाळी ते गवत टाकायला गेले, तर एक पिल्लू त्यांच्या पायाशी आलं, क्षणभर वर बघितलं आणि धाडकन कुशीवर कोसळलं. पाय ताणलेले, डोळे सताड उघडे. बाकीचे तिघे शेजारी बसून शांतपणे काहीतरी चघळत होते.

मेलेल्यांची कागदपत्रं साहेबांनी जन्मभर हाताळली होती, पण मेलेलं काही हाताळायची वेळ कधी आली नव्हती. त्यांनी तोंड फिरवून पिल्लावर एक फडकं टाकलं, दार ओढलं आणि तडक प्राण्यांच्या दुकानात जाऊन तस्साच एक ससा आणला.

परत येऊन बघतात तर फडकं जमिनीवर सपाट. त्याखाली काही नाही. रक्त नाही, एक केससुद्धा नाही. पलंगाखालच्या काळोखातून फक्त कुरुम कुरुम आवाज येत होता.

स्वतःच्या लेंड्या खाणाऱ्याला सख्खा भाऊ काय जड आहे? नवा ससा साहेबांनी आत सरकवला आणि मनातल्या मनात त्याची माफी मागून दार लावलं.

त्यानंतर ते दाराच्या फटीतूनच गवत टाकू लागले. पलंगाखाली वाकून मोजायची छाती होती कुणाची? पण फटीतूनही जे दिसायचं ते दिसलंच. आणखी एक पडला. फडकं टाकलं, दुकान गाठलं, फडकं सपाट. मग आणखी एक.

"साहेब, आधीचे कुठे गेले?" शेवटी दुकानदाराने विचारलं.

"आत."

"आत म्हणजे? घरात?"

"बाकीच्यांच्या आत."

दुकानदाराने हातातला ससा जरासा मागे घेतला. "साहेब, ससे गवत खातात."

"तुमचे खात असतील."

"तुम्ही पाहिलंत का खाताना?"

"पाहायची गरज नाही," साहेब म्हणाले. "चेहऱ्यावरून कळतं."

आता भिंतीपलीकडून येणारी धपधप वाढली होती. खाऊन खाऊन अंगात बळ आलं असणार, असं साहेबांनी ताडलं आणि खोलीच्या दाराला खुर्ची लावली.

बायको परतली, आणि ती पिशवी खाली ठेवते न ठेवते तोच शेल्टरच्या बाई न कळवता तपासणीला हजर झाल्या. बायकोचा चेहरा उतरला. साहेबांचा तर आधीच उतरलेला होता. खुर्ची बाजूला झाली, दार उघडलं. आत सात ससे, सातही दाराकडे तोंड करून, पापणी न लवता बसलेले.

"मेलेले परत आले!" म्हणत साहेबांनी भिंतीचा आधार घेतला आणि सगळं भडाभडा ओकून टाकलं. तेवढ्यात एक ससा त्यांच्या पायाशी आला आणि धाडकन पडला.

"बघा, बघा! गेला!"

बाई पोट धरून हसल्या. "अहो, गेला कुठला! फार खूष असले की असेच पडतात ते. जिथे अजिबात भीती वाटत नाही तिथेच. भरवसा बसलाय त्याचा तुमच्यावर."

साहेबांवर भरवसा ठेवणारा या घरातला हा पहिलाच जीव, आणि त्याला त्यांनी सख्ख्या भावाला खाणारा ठरवलं होतं. ते खाली बसले आणि पहिल्यांदाच त्याच्या पाठीवरून हात फिरवला. ऊबदार होती.

बाई मात्र बोटांवर काहीतरी मोजत होत्या. "तुम्ही किती आणलेत म्हणालात?"

"तीन."

"मी दिले तीन. तीन आणि तीन सहा. मग हा सातवा कोणाचा?"

"तीन नाही, चार दिले होतेत तुम्ही. हिनेच सांगितलं मला."

दोघांनी बायकोकडे पाहिलं. ती खिडकीचा पडदा नीट करण्यात गढून गेली होती.

"पहिल्याच दिवशी एक पडला," ती पडद्याला म्हणाली. "मला वाटलं, माझ्याच हातून गेला. रडत रडत जाऊन दुसरा आणला. परत येऊन बघते तर हा उठून गवत खातोय."

"म्हणजे ते असे पडतात, हे तुला माहीत होतं?"

"हो."

"मग जाताना मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं," बायको म्हणाली, "तर मला कसं कळलं, तेही सांगावं लागलं असतं."