तिसरी घागर

उदगीरच्या बाजारात शांतवन कंपाउंडर समोरून येताना दिसले की माणसं गल्ली बदलत. कारण हा गृहस्थ नमस्कार घालायच्या आधी तुमचा दुर्गुण ओळखायचा. ओळखला की खिशातून चिठ्ठी काढायची, त्यावर दुर्गुणाचं नाव आणि खाली उपाय लिहायचा, आणि घडी घालून हातात द्यायची. मिशनच्या दवाखान्यात तीस वर्षं औषधाच्या बाटल्या भरून ते निवृत्त झाले होते. दवाखाना सुटला, सवय सुटली नाही.

किराणावाले शिवाप्पा गिऱ्हाइकावर खेकसताना सापडले. त्यांना चिठ्ठी मिळाली: ‘क्रोध, जुनाट. बोलण्याआधी गुळाचा खडा. विरघळेपर्यंत तोंड बंद.’ शिवाप्पांच्या दुकानात गुळाला काय तोटा! आठवड्यात अर्धी ढेप संपली, राग जागच्या जागी. चर्चच्या पाळकसाहेबांनाही शांतवनकाकांनी सोडलं नाही: ‘खादाडपणा, शब्दांचा. उपदेश वीस मिनिटं.’ आमच्या तहसीलदारांसाठी लिहिलं, ‘गर्व. औषध नाही. बदलीची वाट बघावी.’ मी त्याच कचेरीत कारकून, म्हणून पोचवायचं काम माझ्याकडे आलं. मला पोटापाण्याची काळजी होती. मी ती चिठ्ठी पोचवली नाही.

लातूर जिल्हा झाला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मलाही चिठ्ठी मिळाली. जिल्हा खरं तर उदगीरचाच व्हायला हवा होता, असं गावात सगळ्यांचंच मत. त्यात माझ्या शेजारच्या टेबलावरचा माणूस नव्या कलेक्टर कचेरीत गेला आणि मी राहिलो. हॉटेलात बसून मी लातूरला यथेच्छ नावं ठेवत होतो. काकांनी चिठ्ठी सरकवली: ‘मत्सर. गावात साथ आहे.’

“काका, एवढं पाप झालं का माझ्या हातनं?”

“पाप न्हाई रं. पाप म्हंजे ताप. येतंय, घाम फुटतंय, जातंय. दुर्गुण म्हंजे मधुमेह. माणूस हसत-खेळत वागवतंय अन् आतून खंगतंय.”

तो उन्हाळाही कोरडाच होता. नळाला चार दिवसांनी पाणी यायचं, आणि आई रिकाम्या घागरींपाशी बसून बाहत्तरच्या दुष्काळाच्या गोष्टी सांगायची. आमचं घर बौद्धांचं. त्या दुष्काळाआधी आम्हाला पाणी म्हणजे लांब उभं राहायचं, कुणाला दया आली तर वरून ओतून घ्यायचं. बाहत्तर साली गावातले आड आटले, मिशनच्या आवारातली विहीर तेवढी टिकली, आणि तिची किल्ली शांतवनकाकांकडे आली. त्यांनी सगळ्या गावाची एकच रांग लावली. घरटी दोन घागरी, मग तो कुणी का असेना. कुणी कुरकुरलं की त्याला रांगेच्या शेपटाला पाठवायचे. “शांतवनभाऊसारखा न्यायाचा माणूस म्या न्हाई बघितला,” असं आई आजही म्हणते.

एका रविवारी काका मला चर्चमध्ये घेऊन गेले. त्या दिवशी प्रभुभोजन होतं. मंडळी पुढे जाऊन गुडघे टेकत होती, पाळकसाहेब भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरस देत होते. काका उठले ते थेट दाराबाहेर गेले आणि लोकांच्या चपला जोडीनं लावत बसले. शेजारच्या बाई कुजबुजल्या, “धा वर्षं झाली. घेतच न्हाईत.”

मी बाहेर पायरीवर त्यांच्याजवळ बसलो आणि सरळ विचारलं, का घेत नाही म्हणून. त्यांनी तुटक्या अंगठ्याची एक चप्पल तिच्या जोडीला लावली.

“बाहत्तरला माझ्या बायकूला, मार्थाला, ताप हुता. अंगावर वल्या घड्या ठिवायला तिनं तिसरी घागर मागितली. जल्मात कधी काय मागितलं नव्हतं. म्या म्हटलं, दोनच. नियम हाय.”

“काका, तो विषमज्वर होता म्हणतात. एका घागरीनं काय झालं असतं?”

“काय बी न्हाई. गेलीच असती. पर गारव्यात गेली असती.”

मी म्हटलं, “तुम्ही न्याय केलात. माझी आई होती त्या रांगेत.”

“हाव. त्या सकाळी तीच पहिली हुती. पर तिच्यासाठी न्हाई केलं रं. तिनं बघावं म्हणून केलं. समद्यांनी बघावं म्हणून. मयतीला गाव लोटलं, जो तो म्हणत हुता, शांतवनसारखा माणूस न्हाई. मार्था आत पडलेली, अन् मी ऐकत हुतो. बरं वाटत हुतं मला.”

“मग देवाकडं क्षमा मागा की.”

“त्यानं कवाच दिलीय. ती फुकट असती, तिला कृपा म्हंत्यात. त्येच अवघड हाय. घ्यायला हात फुडं होत न्हाई.”

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “त्यांनी मला इचारायचं हुतं की. माझ्यातली एक दिली असती. कुणी बी दिली असती.”

हे ऐकून काकांचं ओझं उतरेल असं मला वाटलं. दुसऱ्याच दिवशी मी त्यांना आईचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. त्यांचा चेहरा असा पडला की मी जीभ चावली. “म्हंजे मागितलं असतं तर मिळालं असतं,” एवढंच ते म्हणाले.

चार दिवसांनी भर दुपारी ते आमच्या दारात आले. उन्हातून चालत आलेले, ओठ सुकलेले. आईचं ते बोलणं ऐकून ते काहीतरी मागायला आले होते, हे आईला आणि मला दोघांनाही कळलं. आईनं लगबगीनं तांब्या भरून आणला.

“भाऊ, आधी पाणी घ्या.”

काकांनी तांब्याकडे पाहिलं. हात थोडा उचलला. मी मनातल्या मनात म्हणत होतो, घ्या, काका, घ्या.

“नगं बाई,” ते म्हणाले. “आत्ताच पिऊन आलोय.”

आणि येतो म्हणून उन्हात निघून गेले. आई तांब्या घेऊन उंबऱ्यात उभी राहिली. ते कोपऱ्यावर दिसेनासे झाले तरी तिनं तो खाली ठेवला नाही.