मौनमार्गी टेलर्स

ही गोष्ट १९७४ सालची. चौकातल्या शिंप्याच्या दुकानावर तेव्हा ‘मौनमार्गी टेलर्स’ अशी पाटी होती. शिंप्याचे आजोबा मौनमार्गी पंथाचे. आठवड्यातून एक दिवस, दिवे लागेपर्यंत, बोलायचं नाही, लिहायचं नाही, खूणसुद्धा करायची नाही, असा त्यांचा नेम. नातवानं पंथ घेतला आणि नेम आजोबांकडेच राहू दिला. “आम्ही मूळचे मौनमार्गी,” हे तो माप घेता घेता प्रत्येकाला अर्धा अर्धा तास ऐकवी.

या बडबडीत कपडे कधी वेळेवर होत नसत. तगादा लावणारं कुणी दिसलं की बायको पडदा सारून सांगे, आज यांचं मौन आहे. गिऱ्हाईक मुकाट परत जाई.

एका बुधवारी दारात एक करारी बाई उभ्या राहिल्या. बायकोनं सवयीनं मौन सांगून टाकलं. मग कळलं, बाई शाळेच्या मुख्याध्यापिका. तीनशे गणवेश शिवायचे होते आणि आजच काय ते ठरवायचं होतं. हे काम हुकलं तर शिंप्याला दोनातलं एक मशीन विकावं लागणार होतं. पण बोलावं तर लबाडी उघडी पडत होती.

“पाटी बघूनच आले,” बाई म्हणाल्या. “आम्हीही मूळचे मौनमार्गी.”

बायकोनं लगेच स्टूल पुढे केलं. “मग बसा की तुम्हीही. दिवे लागले की सुटतं.”

बाई क्षणभर घुटमळल्या आणि बसल्या. शिंप्याच्या बोटात सुई घुसली, त्यानं कळ गिळली. बाईंनी शिंक गिळली. दुपारी शेजारीण डोकावली, दोघांचे चेहरे पाहून तिनं हळूच विचारलं, “कोण गेलं हो?”

दिवे लागताच बाई उठल्या. “काम तुमचंच. दर बुधवारी शाळा सुटली की येत जाईन, मिळून बसू.”

चौदा वर्षं दोघं बसले. गप्प बसून हात चालू लागल्यामुळे कपडेही वेळेवर होऊ लागले. निवृत्त झाल्यावर बाई निरोप घ्यायला आल्या तेव्हा शिंपी बाहेर गेला होता. बायकोला म्हणाल्या, “आता सांगायला हरकत नाही. पंथ माझ्या वडिलांचा. मी त्या दिवशीच पहिल्यांदा गप्प बसले. तुमचे हे एवढे कडक, उठायची लाज वाटली.”

पुढे बाई लेकीकडे राहायला गेल्या आणि तिथे भजनी मंडळात रमल्या. शेजारणीनं मुलाला त्याच दुकानात कामाला लावलं. शिंप्याची दोनाची सहा मशिनं झाली, आणि तो शेवटपर्यंत दर बुधवारी दिवे लागेपर्यंत गप्प बसत राहिला.

बाईंचं बोलणं बायकोनं त्याला कधीच सांगितलं नाही. आठवड्यातून तेवढा एक दिवस तिला घरात शांतता मिळे.