लक्ष्मीचं माहेरचं नाव

टीव्हीवर एखादा नट पणजोबांचा कागद हातात घेऊन गहिवरला, की धुळ्यातले आमचे शेजारी दगा नाना त्याच्यावर खेकसतात, "रडजो मंग! पहिले नाव वाच!"

प्रसिद्ध माणसं आपली वंशावळ शोधायला निघतात, तो कार्यक्रम. नाना तो टोपी घालून बघतात. "दुसऱ्याचे का असेनात, पूर्वज शेतस. बोडख्यानं कसं बसू?" सापडेल त्या पणजोबाला नमस्कार. मध्येच जाहिरात लागली, तर एखादा नमस्कार साबणालाही जातो.

अशा माणसाची थट्टा न करणं माझ्या कुवतीबाहेरचं. एका रात्री गच्चीवर गेलो, मेव्हण्याचा मोबाइल घेतला आणि आवाज जाड केला. "मुंबईहून बोलतोय. पुढच्या भागात तुम्ही! पणजोबा शोधू की खापरपणजोबा?"

पलीकडे टीव्हीचा आवाज बारीक झाला. मग नाना हळूच म्हणाले, "आजा-पणजा बठ्ठा पाठ शेतस, साहेब. मन्ही मायनं माहेरनं नाव तेवढं शोधा. लगीनमा नाव बदलीसन लक्ष्मी करं. मी तान्हा व्हतू, ती गयी. पिंपळनेरले मावशी शे. पण या वयात दारात उभं राहून कसं विचारू, मन्ही मायनं नाव काय? कॅमेरा समोर असला म्हणजे लाज वाटत नही."

माझी मुंबई तिथंच संपली; मी फोन ठेवला.

सकाळी कबुली दिली. नानांनी मला तर सोडलं नाहीच, मेव्हण्यालाही दोन शिव्या जास्तीच्या दिल्या. मग एकदम म्हणाले, "तुनाकडे कॅमेरा शे का?"

भाच्याचा होता, तो लग्नांचं शूटिंग करायचा.

"उचल!"

पिंपळनेरला मावशी ओट्यावर शेंगा फोडत होत्या. नाना इस्त्रीच्या सदऱ्यात ताठ उभे. मी कॅमेरा डोळ्याला लावून "ॲक्शन!" असा ओरडलो, की मावशींच्या हातातल्या शेंगा सांडल्या.

"मावशी, मी दगा. मन्ही मायले... तुम्ही काय म्हनी हाक मारेत?"

मावशींनी त्यांना खाली बसवलं, हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. "सोनकोर. आम्ही सोना म्हनूत."

एवढ्यात माझ्या लक्षात आलं, बटण दाबायचं राहिलंय. "नाना, परत घ्यावं लागेल हो!"

नानांना ऐकूच गेलं नाही. ते मावशींच्या कानाशी वाकले होते. "एकदा हाक मारा ना तिले. तव्हय मारेत तशी."

मावशींनी मान आत वळवली आणि घरभर जाईल अशी साद घातली, "सोनाऽ! वं सोनाऽ!"

आणि आम्ही तिघंही दाराकडे बघत राहिलो.